आग्नेय कोपरा सोडून

शिरीष सोहोनीला खुर्चीत नीट बसलेलं पाहिलं, असं शपथेवर सांगणारा माणूस मिळायचा नाही. तो नुसता टेकतो. टेकला की उजवा गुडघा हलायला लागतो आणि गुडघा थांबला की समजावं, हा आता उठणार. वय सत्तेचाळीस, वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या अवाढव्य कारखान्यात सॉफ्टवेअर तपासायच्या खात्यात वरची जागा, हाताखाली नऊ माणसं, तरी मीटिंगमध्ये स्वारी खिडकीपाशी उभी. पहिल्या वर्षी जर्मन सहकाऱ्यांना वाटायचं, याला कुठली तरी गाडी गाठायची असणार. आता ते त्याच्यासाठी खुर्चीच मांडत नाहीत.

आधी गार्चिंगला शिकायला आला, तिथे दोन वर्षांत चार खोल्या बदलल्या. मग बॉनला टेलिफोन कंपनीत नोकरी, तिथे तीन घरं. लग्न, मुलगी, वोल्फ्सबुर्ग, आणि सहा वर्षांपूर्वी एकदाचं स्वतःचं घर. राइहेनहाउस म्हणतात तिकडे, म्हणजे रांगेतलं घर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे सायकली, मागे चार चटया मावतील एवढी बाग. मीनलला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं आता तरी हा स्थिरावेल. पहिल्या वर्षात त्याने सोफा पाच वेळा हलवला.

पुण्याहून त्याची आई, स्नेहलताबाई, फोनवर एकच निदान करायच्या. "घरात वास्तुपुरुष नाही, म्हणून तुझं बूड टेकत नाही."

नवं घर झालं की आपल्याकडे वास्तुशांत करतात आणि वास्तुपुरुषाची चिमुकली प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली पुरतात. शिरीषने गृहप्रवेशाला दूध उतू घातलं, गणपतीला हार घातला, पण प्रतिमा पुरायची म्हटल्यावर हात जोडले. वर फरशी, खाली काँक्रीट, कोण उकरणार? स्नेहलताबाई अंगठ्याच्या नखाएवढी ती तांब्याची प्रतिमा पर्समध्ये घालून दोनदा जर्मनीत आल्या आणि दोनदा तशीच परत घेऊन गेल्या.

त्यातली दुसरी खेप गेल्या हिवाळ्यातली. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, पुण्याच्या फ्लॅटमध्ये शहात्तर वर्षांच्या बाई एकट्या, आणि शिरीष एकुलता एक. तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, पाचव्या आठवड्यात परत गेल्या. कारण फरशी. स्वयंपाकघरात चपला घालायच्या नाहीत, हा बाईंचा जन्माचा नेम. त्यात देव्हाराही स्वयंपाकघरातच, भिंतीवरच्या फळीवर. मीनलने लोकरीच्या सपाता आणल्या, मोजे आणले. बाईंनी सगळं नीट घडी घालून ठेवलं आणि अनवाणी उभ्या राहून पोळ्या लाटल्या. जानेवारीतली उत्तर जर्मनीतली फरशी ती. पायांत गोळे यायला लागले, रात्रीची झोप गेली, आणि एक दिवस त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शिरीष, मला पोचव रे घरी. पुन्हा नाही जमायचं मला हे."

हानोव्हरच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून आई तळपाय एकमेकांवर घासत होती, ते शिरीषच्या डोळ्यांपुढून हलेना. पुन्हा नाही म्हणजे पुन्हा नाहीच, हे तो जाणून होता. बाईंचा शब्द तसा पक्का. मग दरवर्षी पंधरा दिवस पुण्यात जाऊन यायचं आणि उरलेलं वर्षभर मोबाईलच्या पडद्यावर आईचं कपाळ तेवढं बघायचं, कारण कॅमेरा कुठे धरायचा हे तिला कधीच जमलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीतच त्याने ठरवलं, आई जिथे उभी राहते ती जमीन गरम करायची.

दुसऱ्या कुणी आठवड्याभरात उरकलं असतं. शिरीषने सात महिने लावले. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेणारी पद्धत आधी बाद झाली, कारण तिने फरशी चांगली चार बोटं वर आली असती आणि सगळी दारं कापावी लागली असती. राहिली विजेची. तिच्यात पुन्हा तीन जाती: जाळीवर तार शिवलेली चटई, पातळ फॉइल, किंवा नुसती सुटी तार. एक्सेलमध्ये एक्केचाळीस ओळी झाल्या. जेवताना तो वॅटबद्दल बोलायचा, दात घासताना थर्मोस्टॅटबद्दल. मीनलने एकदा विचारलं, "चटई घ्यायची हे तू मार्चमध्येच म्हणाला होतास ना?" तर म्हणे, "हो, पण सिद्ध कुठे झालंय?"

अशी चटई कपाटांखाली घालत नाहीत, तिथली उष्णता कोंडते. पाय पडतात तेवढीच जागा गरम करायची. मग आईचे पाय नेमके कुठे पडतात? त्याने मीनलला तळपायांना पीठ लावून स्वयंपाक करायला लावला. ओट्यापासून सिंकपर्यंत, सिंकपासून फ्रिजपर्यंत, देव्हाऱ्यासमोर, सगळीकडे पांढरी पावलं. तेरा वर्षांची उर्जा शाळेतून आली आणि दारातच थांबली. "मामा, वास इस्त दास?" म्हणजे, आई, हे काय? तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन.

"गौरी आल्यात," मीनल म्हणाली. "सोन्याच्या पावलांनी नाही, कणकेच्या."

साडेचार चौरस मीटर, असा हिशेब निघाला. मागणी नोंदवेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. आणि सात महिने रेंगाळलेल्या त्या माणसाला आता एक दिवस दम निघेना. त्याने मोठ्या मिनतवारीने आईला पुन्हा यायला राजी केलं होतं. "या वेळी फरशी गरम असेल," असा शब्द दिला होता. त्या शब्दावर बाई आल्या, तेव्हा स्वयंपाकघरातली जुनी फरशी उखडून झाली होती, खालचं करडं काँक्रीट उघडं पडलं होतं आणि मीनल बाहेरच्या पॅसेजमध्ये इंडक्शनवर खिचडी टाकत होती.

बाईंनी पर्स खांद्यावरून उतरवायच्याही आधी ते उघडं काँक्रीट बघितलं. चेहरा उजळला. "अरे वा! उकरलंच आहे की!"

शिरीषच्या लक्षात यायला दोन सेकंद लागले. मग त्याने डोक्याला हात लावला. "आई, नाही. तिथून विजेची तार जाणार आहे. वीज आणि तांबं शेजारी नसतात ठेवत."

"मग तार जरा बाजूने ने. एवढ्या मोठ्या देशात एक कोपरा नाही मिळायचा?"

मीनल खिचडी ढवळता ढवळता म्हणाली, "अहो आई, बरोबर बोललात. याच्या एक्केचाळीस ओळी आहेत, त्यात एक बेचाळिसावी."

मोबाईलवरची तीन वेगवेगळी होकायंत्रं लावून शिरीषने आग्नेय दिशा शोधली. घराचा तो कोपरा नेमका स्वयंपाकघरातच निघाला, खिडकीखाली, देव्हाऱ्याच्या शेजारी. चटई कशी पसरायची त्याचा नकाशा त्याने काढून ठेवला होता, त्यात त्या कोपऱ्यात फूटभर चौकोन मोकळा सोडला.

सोमवारी चटईचं खोकं आलं. शिरीषने रजा घेतली होती. मीनल ऑफिसात, उर्जा पोहायला, आई जेवून वर आडवी झालेली. चटई छान गुंडाळलेली होती, निळी तार, पांढरी जाळी. त्याने मीटर लावून बघितला: अठ्ठ्याहत्तर ओहम, पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम. इथे थांबायचं होतं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लाल चौकटीत, अकरा भाषांत लिहिलं होतं की गुंडाळलेल्या अवस्थेत वीज जोडू नये. शिरीषने ते वाचलं होतं. त्याने तर त्या ओळीखाली पेन्सिलने रेघही मारली होती.

पण तार गरम होते की नाही हे आकड्यावरून कसं कळणार? हात लावून बघायला नको? दोन मिनिटं तर लावायची. आता या दोन मिनिटांना काय म्हणावं! लहानपणी गणपतीचे मोदक वाफवत असताना ज्या मुलाने दर पाच मिनिटांनी मोदकपात्राचं झाकण उघडून वाफ घालवली आणि दरवर्षी आईच्या हातचा धपाटा खाल्ला, तोच हा मुलगा, फक्त आता डोक्यावर टक्कल होतं. त्याने जुन्या दिव्याची वायर चटईला जोडली, खटका दाबला आणि वाकून तळवा ठेवला. कोमट. आणखी कोमट. त्याला हसू फुटलं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे बोलत बोलत हा बाहेर, बागेत, पुढच्या दारापाशी, पुन्हा बागेत. दहा-बारा मिनिटांनी आत आला तर प्लॅस्टिक तापल्याचा उग्र वास. वायर उपटली, चटई उलगडली, तार बोटांनी चाचपली. एका जागी निळं जरासं चकाकत होतं, एवढंच. मीटर लावला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा लावला. अठ्ठ्याहत्तरच. जीव भांड्यात पडला.

खिडक्या सताड उघडल्या, तरी वास जाईना. मग त्याने देव्हाऱ्यातल्या पुड्यातल्या चार उदबत्त्या एकदम पेटवल्या. आई जिन्यावरून खाली आल्या, पायरीवर थांबल्या, हवेत जराशा बघत राहिल्या.

"आज तू उदबत्ती लावलीस?"

"हो. असंच. बरं वाटतं."

"बरं," आई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला पॅसेजमध्ये गेल्या.

शनिवारी सकाळी वास्तुपुरुषाचा विधी झाला. गुरुजी पुण्याहून मोबाईलवर, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. होम करायचा नव्हता, कारण छताला धूर लागताच वाजणारा भोंगा. शिरीषने छिन्नीने काँक्रीटमध्ये खाच केली, बाईंनी प्रतिमा पालथी ठेवली, दहीभात, अक्षता, पळीभर पाणी. मग सिमेंटने खाच बुजवून वरून हात फिरवला. उर्जाने सगळ्याचं चित्रण केलं. एवढ्याशा कामाला शिरीष तीनदा उठला आणि तीनदा आईने त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी चटई अंथरली गेली. मंगळवारी वायरमन आले, हेर विगमन, म्हणजे विगमनसाहेब. वीजजोडणी परवान्याच्या माणसानेच करायची असा तिथला कायदा. साठीचे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. प्रत्येक कामाचा कागद करणारे. फरशी बसवण्याआधी त्यांनी एकदा मापं घेतली आणि कागदावर चटईचा नकाशा उतरवून घेतला. मोकळ्या चौकोनावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "इथे काय येणार? फ्रिज?"

शिरीष गडबडला. वास्तुपुरुष जर्मनमध्ये कसा सांगायचा? "ते... ते आईचं आहे," तो म्हणाला.

"आख झो," म्हणजे असं होय, विगमन म्हणाले आणि चौकोनात नीट अक्षरांत लिहिलं: मुटर. म्हणजे आई. कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

मापं ठीक होती. फरशी बसली, सांधे भरले. आता आतलं सगळं नीट वाळेपर्यंत तीन आठवडे वीज लावायची नाही, असं विगमननी बजावलं. ते तीन आठवडे शिरीषने कसे काढले ते मीनललाच विचारावं. तो सकाळ-संध्याकाळ फरशीवर पालथा हात ठेवायचा. विगमनना त्याने चार फोन केले. आई मात्र मजेत होत्या. ऊन असेल तेव्हा खिडकीखालच्या कोपऱ्याशी बसून मेथी निवडायच्या आणि म्हणायच्या, "मला घाई नाही."

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी विगमननी जोडणी केली. थर्मोस्टॅटचा आकडा उजळला. बाई अनवाणी, पदर खोचून, तयार उभ्या. आणि फ्यूजच्या पेटीतला सुरक्षेचा खटका फाडकन खाली आला. घरातली वीज गेली. विगमननी खटका वर केला, तो पुन्हा खाली.

त्यांनी मीटर लावला, ओठ आवळले. तार तुटलेली नव्हती, पण तिच्यावरचं आवरण कुठे तरी दुखावलं होतं. कोरडं असताना असं काही दिसत नाही, ओला मसाला लागला की दिसतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी आपला कागद काढला आणि चौकोनावर बोट ठेवलं. "इथे नेमकं काय आहे, हेर सोहोनी?"

शिरीषने सांगितलं. तांब्याची छोटी प्रतिमा.

"धातू? केबलच्या शेजारी?" विगमननी मान हलवली. ओरडले नाहीत, फक्त मान हलवली. "आल्झो. मग मी आधी हाच कोपरा फोडणार. मंगळवारी, साडेतीनला."

"काय म्हणतायत ते?" आईने नातीला विचारलं.

उर्जाने शब्द गोळा केले. एरवी ती मराठी टाळते, पण आजीने विचारलं की प्रयत्न करते. "आजी, तो म्हणतो... तुझा देव तारेला लागला. म्हणून काम कापुट, बिघडलं. तो देव बाहेर काढणार."

शिरीषला तो उग्र वास पुन्हा नाकात जाणवला. एक वाक्य बोलायचं होतं, ते अगदी जिभेवर होतं. पण समोर विगमन उभे होते, मुलगी बघत होती, मीनल होती, आणि तो स्वतः दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस होता. कदाचित खरंच प्रतिमेचं असेल, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. तरीही तो गप्प राहिला, आणि गप्प राहिल्याची त्याला तिथल्या तिथे शरम वाटली.

आई देव्हाऱ्याकडे वळल्या, हात जोडले आणि वर गेल्या. खाली आल्या तेव्हा पायांत मोजे होते, आणि मोज्यांवर मीनलने गेल्या हिवाळ्यात आणलेल्या लोकरीच्या सपाता. तशाच त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि भात लावला. शहात्तर वर्षांत त्या पहिल्यांदाच पायांत काही घालून चुलीपाशी उभ्या होत्या. शिरीषला ते बघवेना. तो बागेत गेला आणि पानं झाडत राहिला, झाडलेलीच पुन्हा झाडत राहिला.

शनिवार गेला, रविवार गेला. त्याने गाडी धुतली. तळघरातली फळी काढून दुसऱ्या भिंतीवर लावली. रविवारी संध्याकाळी मीनल त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई तिकिटाचं विचारत होत्या. तारीख अलीकडे घेता येते का म्हणून. तुला सांगू नको म्हणाल्या."

"का?"

"का म्हणजे? तुला मोजे दिसत नाहीत?"

सोमवारी ऑफिसात त्याच्यासमोर एक अर्ज आला. त्याच्या खात्यात कुठलाही बिघाड नोंदवायचा तर हा अर्ज भरावा लागतो, आणि त्यातला पहिला प्रश्न आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतः भांडून घालायला लावला होता: बिघाड होण्याआधी तुम्ही काय केलंत? तो अर्ज बाजूला सारून तो कॉरिडॉरमध्ये चालत राहिला. दोन टोकांमध्ये किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. घरी गेल्यावर बोलायचंच, असं ठरवून तो निघाला. घरी आई मोबाईलवर पुण्यातल्या शेजारणीला सांगत होत्या, "नाही गं, छान आहे सगळं. मीच जरा घोळ घातला." तो जिना चढून वर निघून गेला.

मंगळवारी बरोबर साडेतीनला विगमन आले. हातात बिघाडाची जागा शोधायचं एक यंत्र होतं, पण ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन खिडकीखालच्या कोपऱ्यात गुडघे टेकले. आई दारात उभ्या होत्या. हातात एक छोटी वाटी, तिच्यात धुतलेल्या अक्षता आणि पांढऱ्या फडक्याचा तुकडा. पुरलेला वास्तुपुरुष कुणी उकरून काढत नाही. काढावाच लागला तर निदान फडक्यात घेता यावा, म्हणून.

त्या फडक्याने शिरीषला हरवलं.

"नाइन," म्हणजे नाही, तो म्हणाला. आवाज भलताच मोठा निघाला. "तिथे नका फोडू. मी... चटई गुंडाळलेली असतानाच मी तिला वीज जोडली होती. दहा-बारा मिनिटं. दाराजवळचा भाग असेल. तिथे तार चकाकत होती."

विगमननी छिन्नी खाली ठेवली आणि वळून बघितलं. "गुंडाळलेली असताना?"

"जा." म्हणजे हो.

"तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"जा," शिरीष पुन्हा म्हणाला.

"काय म्हणतोय हा?" आईने उर्जाला विचारलं. उर्जाने बापाकडे बघितलं, आणि मान हलवली. "बाबा, तू सांग."

मग त्याला मराठीत सांगावं लागलं. जर्मनमध्ये बोलणं त्यामानाने सोपं गेलं होतं. "आई, तुझ्या प्रतिमेचं काही नाही. मी जाळली तार. घाई केली. शुक्रवारपासून मला माहीत होतं आणि मी तुझ्यावर येऊ दिलं."

आईंनी वाटी ओट्यावर ठेवली. "त्या दिवशी ना? उदबत्त्या लावल्यास तेव्हा?"

"तुला कळलं होतं?"

"चार उदबत्त्या, शिरीष. तू जन्मात एक लावली नाहीस. आणि इस्त्रीने नायलॉनची साडी जाळल्यावर येतो तो वास मला चांगला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस? ते मोजे कशाला घातलेस? तिकीट कशाला विचारलंस?"

आई रागावल्या नव्हत्या, तेच त्याला सहन होईना. "तुझी बायको समोर होती, पोर होती, तो बाहेरचा माणूस होता. माझ्यावर आलं तर काय बिघडतं? मी काय, तीन महिन्यांची. तुला इथे राहायचंय."

सत्तेचाळीस वर्षांचा शिरीष सोहोनी स्वयंपाकघराच्या गार फरशीवर खाली बसला आणि हमसून रडला. मीनल पुढे झाली, पण बाईंनी तिला हाताने थांबवलं. विगमननी आपलं यंत्र उचललं आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दाराजवळ काम सुरू केलं. बिघाड तिथेच निघाला. दोन फरशा फोडाव्या लागल्या, तारेचा वीतभर तुकडा कापून नवा जोड बसवावा लागला. आग्नेय कोपऱ्याला कुणी हात लावला नाही.

निघताना विगमननी फ्यूजच्या पेटीचं दार उघडलं, नकाशाचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. जमिनीखाली तार आहे म्हटल्यावर तिचा नकाशा तिथेच राहायला हवा, असं ते म्हणाले. पुढे घर कुणीही घेवो, कुठे भोक पाडायचं नाही ते त्याला कळायला हवं.

ते गेल्यावर शिरीषने आईला हाताला धरून पेटीपाशी नेलं.

"हे बघ. हा आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा. या सगळ्या रेघा म्हणजे तार. आणि हा मोकळा चौकोन तुझा कोपरा."

"आणि हे काय लिहिलंय त्यात?"

शिरीष सांगणार, तेवढ्यात उर्जा मध्ये घुसली. "आई," तिने स्वच्छ मराठीत वाचलं. "तिथे आई लिहिलंय, आजी."

"हा कागद कुणी काढायचा नाही," शिरीष म्हणाला. "घर आहे तोवर. तीन महिन्यांची म्हणे!"

बाईंनी चष्मा वर सरकवला, त्या परक्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिकिटाचा विषय नंतर कुणी काढला नाही.

नव्या जोडावरचा मसाला वाळायला विगमननी आठ दिवस सांगितले होते. आठव्या दिवशी सकाळी बाईंनी मोजे काढून ठेवले आणि त्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. शिरीष स्टुलावर बसून चहा पीत होता. गुडघा हलत नव्हता, तरी हा उठायचं नाव घेत नव्हता.

"लाव आता," आई म्हणाल्या.

"उद्या लावू. एक दिवस जास्त जाऊ दे."

"अरे, त्याने आठ सांगितलेत, आठ झाले!"

"असू दे ना. घाई काय आहे?"

"घाई मला आहे," आई म्हणाल्या. "पाय गारठलेत माझे. ऊठ!"

शिरीष उठला आणि त्याने खटका वर केला.